भूल उतरेपर्यंत

"हे मी तिसऱ्यांदा विचारतेय," टेंभुर्णे बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा विचारलं की लोक घाईत उत्तर देतात. दुसऱ्यांदा चिडतात. तिसऱ्यांदा कधीकधी आठवतं. लग्न नात्यातलं आहे का?"

"नाही."

"बरं. आणि माहेरी, सासरी, कुणाला भूल दिल्यावर त्रास झाला होता? उठायला उशीर, श्वास परत यायला वेळ, असं काही?"

"नाही हो. आमच्या घरात कुणाचं ऑपरेशनच झालेलं नाही."

त्यांनी कागदावर दोन ठिकाणी 'नाही' लिहिलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "घरात म्हातारं माणूस असेल तर आज फोन करा. त्यांना माहीत असतं, पण त्यांना कुणी विचारत नाही."

मी हो-हो केलं. म्हातारं माणूस तिथेच होतं. माझी आई खाटेच्या कडेला स्टुलावर बसून तन्मयच्या शर्टांच्या घड्या घालत होती. एकाच शर्टाची तिने तीनदा घडी घातली, हे मला दिसलं होतं. मला तेव्हा सगळं दिसायचं. दिसलेल्याचा अर्थ लावायला मात्र सवड नसायची.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट, किनवटची. तन्मय साडेपाच वर्षांचा होता. दोन दिवस पोट दुखत होतं, तिसऱ्या दिवशी ताप चढला. गित्ते सर्जननी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, अपेंडिक्स आहे, उद्या सकाळी नऊला काढू. नवरा, नरेश, कापडाच्या खरेदीला सुरतेला गेलेला. सासरे गुडघ्यांनी घरात अडकलेले. मग मी आईला बोलावून घेतलं.

भूल देणाऱ्या टेंभुर्णे बाई गावातल्या तिन्ही दवाखान्यांत फिरायच्या. स्कूटरला पुढे एक काळी बॅग अडकवलेली, तीत त्यांची औषधं, नळ्या, एक जुना रबरी फुगा. त्या बाहेर गेल्यावर सिस्टर मला हळूच म्हणाली, "भूलवाल्या मॅडम फार चौकशा करतात. मनावर घेऊ नका. इंजेक्शन देऊन झोपवायचं तर असतं."

मी मनावर घेतलंच नव्हतं.

पण बेफिकीर होते असं कुणी म्हणू नये. मी बी.एस्सी. झालेली बाई. तन्मय जन्मल्यापासून माझ्याकडे एक वही होती, तीत लसींच्या तारखा, तापाचे आकडे, कुठलं औषध किती मिली. त्या संध्याकाळीही मी लिहून काढलं होतं: रात्रीनंतर खाणं बंद, पहाटेनंतर पाण्याचा थेंब नाही. कमरेचा करदोटा काढला. नखं पाहिली. खालचा एक दात हलत होता, तो बाईंना मी आपणहून दाखवला.

"हे बरं केलंत," त्या म्हणाल्या होत्या. "नळी घालताना दात पडून आत गेला तर पंचाईत. आया सहसा सांगत नाहीत."

त्या एका वाक्याने मी इतकी फुगले की पुढचे प्रश्न मला किरकोळ वाटले.

आणि नात्यातलं लग्न. ते मी विसरले नव्हते. नरेश माझा सख्खा मामेभाऊ. माझे सासरे म्हणजे आईचे थोरले भाऊ. आमच्यात ही पद्धतच आहे, पहिला हक्क मामाच्या घराचा. गावात कुणी नवल करत नाही. पण पुण्याला हॉस्टेलवर मी हे एकदा सहज बोलले आणि खोलीतल्या मुली वर्षभर मला हसल्या. "काय गं, राखी बांधायचीस का आधी त्याला?" आनुवंशिकतेच्या तासाला वाटाण्याच्या पिढ्यांची गणितं मी त्यांच्याहून भराभर सोडवायचे, उंच वाटाणा, बुटका वाटाणा. त्यानंतर हा प्रश्न कुणीही विचारला की माझ्या तोंडून आपोआप 'नाही' जायचं. दवाखान्याच्या कागदावरही तेच गेलं.

*

सकाळी आई घरी जाऊन आली. आंघोळ करून, ओल्या केसांनी, हातात स्टीलची छोटी डबी.

"काय आहे त्यात?"

"काही नाही गं. दही-साखर. हातावर ठेवते त्याच्या."

"आई!"

"दोन थेंब. चाटेल तो नुसता. चांगल्या कामाला निघाला की देतात, तुझ्या प्रत्येक पेपराला दिलंय मी."

"हा पेपर नाहीये. पोटात काही असलं आणि भुलेत उलटी झाली तर ती छातीत जाते. कळतंय का? एक थेंबसुद्धा नाही."

मी डबी तिच्या हातातून ओढून घेतली आणि माझ्या पिशवीत तळाशी घातली. तन्मय म्हणाला, "आजी, मला दे ना, मला भूक लागलीय." आई त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं होतं.

"अगं, मी काय म्हणते—"

"दह्याचं बोलू नकोस आता."

तिने तन्मयची चादर सारखी केली.

नऊला त्याला आत नेलं. हिरव्या कापडात तो फार लहान दिसत होता. टेंभुर्णे बाई दारात आल्या, त्याचं बोट धरून म्हणाल्या, "चल रे, दात मोजू तुझे." तो वळून न बघता गेला.

मी बाकावर बसले आणि मनात म्हटलं, चला, दही वाचवलं. सगळ्यात मोठा धोका मी टाळला होता. मला खरंच तसं वाटलं.

पावणेदहाला गित्ते सर्जन बाहेर आले. "झालं. वेळेवर काढलं. पाच-दहा मिनिटांत बाहेर आणतील."

आईने हात जोडले. मी नरेशला फोन लावला. सासऱ्यांना कळवलं. घड्याळात दहा वाजले, सव्वादहा वाजले. एक सिस्टर जवळजवळ पळत बाहेर आली, कपाटातून काहीतरी घेऊन पळत आत गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. साडेदहा. गित्ते पुन्हा आत गेले. आतून आवाज येत होते, पण मुलाचा आवाज नव्हता.

मी उठून दाराच्या गोल काचेशी गेले. पडदा लावलेला होता.

"पाच मिनिटं म्हणाले होते ना?" आई म्हणाली.

"येतील."

"पाच म्हणाले होते."

"आई, गप्प बस गं जरा."

पावणेअकराला दवाखान्यासमोर रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. कुणासाठी, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. दार उघडलं. टेंभुर्णे बाई बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढलेला. मागे गित्ते.

"ऐका," गित्ते म्हणाले, "ऑपरेशन चांगलं झालंय, पण बाळ स्वतःहून श्वास घेत नाहीये अजून. मोठ्यांचं श्वासाचं यंत्र आहे इथे, लहान मुलांचं नाही. नांदेडला हलवू. गाडी लावलीय."

नांदेड साडेतीन तास. रस्ता कसा, ते मला माहीत होतं.

"म्हणजे... तो..."

"हृदय चालू आहे, रंग चांगला आहे," बाई म्हणाल्या. "आत सिस्टर फुगा दाबून त्याला श्वास देतेय. मला दोन मिनिटं आहेत. चौथ्यांदा विचारते. आता तुम्हाला कुणी हसणार नाही, रागावणार नाही. लग्न नात्यातलं आहे का?"

हसणार नाही हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

"मामेभाऊ," मी म्हणाले. "सख्खा."

त्या रागावल्या नाहीत. फक्त डोळे मिटून उघडले. मग माझ्याऐवजी आईकडे वळल्या. "आणि आजी, तुम्ही?"

आई भिंतीला टेकून उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत आवळलं होतं.

"व्यंकटेश," ती म्हणाली.

"कोण व्यंकटेश?"

"माझा भाऊ. पाठचा. नऊ वर्षांचा होता, मी अकराची. चिंचेवरून पडला, हात मोडला. निजामाबादला नेलं होतं. हात बसवायला भूल दिली." आई सावकाश बोलत होती, जड सामान एकेक पायरी उतरवावं तसं. "हात छान बसला. डॉक्टरनी दाखवला आम्हाला, सरळ झालाय म्हणून. पण पोरगं उठलंच नाही."

"श्वास नव्हता?"

"नव्हता. फुगा दाबत होते म्हणे. आम्हाला बाहेर बसवलेलं. दुपारपर्यंत दाबत होते. मग थकले."

"थकले," बाई म्हणाल्या.

मग त्या गित्तेंकडे वळल्या. "गाडी परत पाठवा, सर."

"मॅडम, अहो, जबाबदारी कुणाची? इथे काही झालं तर—"

"माझी. ह्या रस्त्यावरून गचके खात नळी हलली तर पोरगं गाडीतच जाईल. मेंदूला काही झालं की काय, ह्या भीतीने तासभर माझे हातपाय गार पडले होते. आता कळलं." मग मला म्हणाल्या, "नळी घालायला मी एक औषध देते. अंग ढिलं करणारं. सगळ्यांच्या रक्तात ते पाच-सात मिनिटांत मोडतं. तुमच्या घराण्यातल्या काहींच्या रक्ताला ते मोडता येत नाही. बाकी त्याला काही झालेलं नाही. ते उतरायला सहा तास लागतील, कदाचित आठ. तोवर त्याचा श्वास आपण घ्यायचा. एवढंच काम आहे. उतरवायचं इंजेक्शन मी भरून ठेवलं होतं. ते दिलं असतं तर आणखी लांबलं असतं."

"आणि थकलात तर?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघालं.

"मग हात बदलू," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

बाराच्या सुमारास त्यांनी मला आत बोलावलं. हिरवा झगा, टोपी. तन्मय झोपलेला, तोंडातून नळी, नळीच्या टोकाला काळा फुगा, फुग्यावर बाईंचा हात. दाबला की त्याची छाती वर. सोडला की खाली. बाजूच्या यंत्रावर हिरवा आकडा, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव.

"त्याला कळतंय का?"

"नाही. मुद्दाम झोपेत ठेवलंय. जाग आली आणि बोटही हलवता आलं नाही तर किती घाबरेल."

त्यांच्या खिशात फोन वाजला. सिस्टरने काढून त्यांच्या कानाला लावला. "नाही येत आज," बाई त्यात म्हणाल्या. "दुपारचंही पुढे ढकला. हो, दोन्ही. अहो, एक पोरगं बसलंय माझ्या मांडीवर, उतरेपर्यंत नाही येत." फोन बंद झाल्यावर मला म्हणाल्या, "बिस्किट आहे का तुमच्याकडे?"

मी पिशवी धुंडाळली. आईची डबी हाताला लागली, ती मी तशीच खाली सारली. बिस्किटाचा पुडा निघाला. डाव्या हाताने त्या खात होत्या, उजव्याने श्वास देत होत्या.

"बाई, मी खोटं सांगितलं."

"हो."

"माझ्यामुळे—"

"मला रोज खोटं सांगतात हो. दारू घेत नाही म्हणतो आणि अर्धी बाटली औषध लागतं. उपाशी आहे म्हणते आणि नळीतून पोहे निघतात, शेंगदाण्यांसकट. सर्जनला कुणी खोटं सांगत नाही, त्याच्या हातात सुरी असते ना." त्यांनी बिस्किटाचा चुरा झटकला. "मला काय, ही बाई झोपवते एवढंच लोकांना माहीत. झोपवायला आजीसुद्धा झोपवते. माझं काम उठवायचं."

एक वाजला. सिस्टरने हात बदलला. दीड. पुन्हा बाई. गित्ते येऊन आकडा पाहून जायचे. मधूनमधून बाई मनगटाजवळ एक छोटं यंत्र टेकवायच्या, त्याच्या झटक्याने अंगठा हलायला हवा होता. हलत नव्हता. "अजून नाही," एवढंच म्हणायच्या.

दोनला मी बाहेर आले. आई दाराशी जमिनीवर बसली होती. सकाळपासून पाणीही प्यायली नव्हती.

"उतरलं?"

"नाही."

मी तिच्या शेजारी बसले. माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. भांडण करायचं तर निदान पाठ ताठ लागते.

"का नाही सांगितलंस?"

"बाबांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, तापाने गेला म्हणायचं. दोन पोरी उजवायच्या होत्या. ह्यांच्या घरात पोरं भुलेतून उठत नाहीत, असं पसरलं तर स्थळं कुठून येणार? तुझ्या मामालाही शपथ घातली. मी आणि सरोजा, आम्हाला तर तोंडच उघडायची सोय नव्हती."

"सरोजा कोण?"

आईने माझ्याकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो, हे तिला तेव्हा कळलं.

"तुझी मावशी."

मला मावशी आहे, हे मला सत्ताविसाव्या वर्षी, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी फरशीवर बसून कळलं.

"कुठाय ती?"

"गेली. शिलाई मशीन दुरुस्त करायला एकजण यायचा, त्याच्याबरोबर. बाबांनी तिच्या नावाने आंघोळ केली. मग तिचंही नाव बंद."

आतून यंत्राचा टिक-टिक आवाज येत होता. तो येतोय तोवर बरं, असं मी स्वतःला सांगत होते.

"म्हणून मला मामाकडे दिलंस?"

"नरेश चांगला मुलगा आहे."

"ते नाही विचारलं मी."

ती बराच वेळ फरशीवरचा एक डाग बोटाने पुसत राहिली. "बाहेर दिली असती तर कधी ना कधी कुणीतरी विचारलं असतं. घरात कुणी विचारत नाही."

"आणि काल? काल तुझ्यासमोर विचारलं. तीनदा."

"मला वाटलं, पन्नास वर्षं होत आली. आता औषधं नवीन, यंत्रं नवीन." मग हलक्या आवाजात, दाराकडे बघत म्हणाली, "आणि तू आधी 'नाही' म्हणालीस ना. नात्यातलं नाही म्हणालीस. मग मी काय बोलणार? डॉक्टरणीसमोर माझ्या शिकलेल्या लेकीला खोटी पाडू? सकाळी बोलणार होते. तू म्हणालीस, दह्याचं बोलू नकोस."

मी डबी पिशवीतून काढून तिच्या हातात दिली. तिने ती उघडली नाही.

*

साडेतीनला मी पुन्हा आत होते. सिस्टरला खाली दुसऱ्या पेशंटकडे बोलावलं होतं. बाईंच्या बोटांत वात आला होता, त्या हात हवेत झटकत होत्या.

"या इकडे," त्या म्हणाल्या. "पंजा असा. जोर नाही करायचा. दाबा. सोडा. एक-दोन-तीन. दाबा. सोडा. मी बघतेय छातीकडे, तुम्ही माझ्या आवाजाकडे लक्ष द्या."

फुगा कोमट होता. मी दाबला आणि माझ्या मुलाची छाती वर आली. मी सोडला, खाली गेली. दाबा, सोडा. त्याला मी जन्म दिला तेव्हाही इतकं काम केलं नव्हतं असं वाटलं. तेव्हा सगळं आपोआप झालं होतं. पाच मिनिटांत माझा पंजा दुखायला लागला, दहा मिनिटांत खांदा. बाई सकाळपासून हे करत होत्या. निजामाबादला कुणीतरी एका दुपारी हे करता करता थांबलं होतं. कोण असेल, त्याचाही पंजा असाच दुखला असेल.

"दमलात?"

"नाही."

"आज तरी खरं बोला."

"दमले."

"मलाही दमायला झालंय. दाबा. सोडा."

चार वाजून गेले. दर थोड्या वेळाने आम्ही हात बदलत होतो. खिडकीच्या दुधी काचेवर ऊन तिरकं झालं होतं. माझी पाळी होती, मी एक-दोन-तीन मोजत होते, आणि मोजणं संपायच्या आत माझ्या हाताखाली फुगा जरासा आत ओढला गेला.

"बाई."

"हं."

"मी दाबलं नाही."

"काय?"

"मी दाबलं नाही. हलला."

त्या अशा उठल्या की स्टूल मागे पडलं. माझा हात बाजूला करून त्यांनी फुग्यावर नुसती बोटं टेकवली. दाबलं नाही. आम्ही दोघी त्या काळ्या रबराकडे बघत राहिलो. काही नाही. काही नाही. मग पुन्हा, अगदी इवलासा, मांजराच्या पिलाने दूध ओढावं तसा फुगा आक्रसला आणि सुटला.

"मालक आले," बाई म्हणाल्या. एवढंच. पडलेलं स्टूल उचललं, त्यावर बसल्या आणि सिस्टरला हाक मारून म्हणाल्या, "चहा सांग गं. दोन. साखर जास्त."

त्यानंतरही तासभर त्यांनी फुगा सोडला नाही. त्याचा श्वास कमी पडला की आपला मिसळायच्या. पावणेसहाला नळी काढली. तन्मय घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलला, "माझा दात कुठाय?"

बाईंनी कागद उलटा करून दाखवला. जिथे त्यांनी काल दोनदा 'नाही' लिहिलं होतं त्याच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीने दात चिकटवलेला होता. "सकाळीच काढून ठेवला. तुझा आहे, घेऊन जा."

मग त्यांनी लाल शाईने एक चिठ्ठी लिहिली. औषधाचं नाव, आणि खाली: हे औषध ह्या मुलाला आयुष्यात कधीही देऊ नये. "ह्याच्या दप्तरात, पाकिटात, जिथे जाईल तिथे हे हवं," त्या म्हणाल्या. "सांगितलं तर काही धोका नाही, दुसरी औषधं आहेत. न सांगण्यातच धोका आहे. आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. आजीचं आधी."

दारात आई उभी होती. तिच्याकडे बघून बाई थांबल्या. "आजी, तुम्ही आज बोललात ते बरं झालं."

आई म्हणाली, "उशिरा बोलले."

"हो," बाई म्हणाल्या. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही. स्कूटर सुरू करायला त्यांना तीन लाथा लागल्या. पंजाची बोटं अजून वळत नव्हती.

*

तन्मय आता बारा वर्षांचा आहे. गळ्यातल्या ताईतात ती चिठ्ठी घडी करून आहे, दुसरी दप्तरात, तिसरी शाळेच्या ऑफिसात. तो ह्याचा कंटाळा करतो. करू दे.

रक्त आम्ही हैदराबादला पाठवलं. मी अर्धी, नरेश अर्धा, मामा अर्धे. म्हणजे आम्हाला स्वतःला फारसा त्रास नाही, पण मुलाला मात्र दोन्हीकडून मिळालं. वाटाण्याचं साधं गणित, विसाव्या वर्षी मला तोंडपाठ होतं. आई पूर्ण, व्यंकटेशसारखी. उभ्या आयुष्यात तिला एकदाही भूल घ्यावी लागली नाही, म्हणून ती आहे. मागच्या वर्षी तिचं पित्ताशय काढलं. तेव्हा तिने नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांना स्वतः सांगितलं, "मला ते औषध चालत नाही हं. माझा भाऊ गेलाय त्यात." टेंभुर्णे बाई डोक्याशी होत्या. आई तासाभरात उठली.

राहिली सरोजा.

तिची शक्यता चारात एक. ती पूर्ण असेल तर तिच्या मुलांना निदान अर्धं असेलच. तिची एकच खूण आमच्याकडे आहे, एक पोस्टकार्ड, सेलूहून आलेलं, तिसेक वर्षांपूर्वीचं. त्यात फक्त 'मी बरी आहे' एवढंच आहे. सेलूला आम्ही तीनदा जाऊन आलो. शिलाई मशीनवाले तिथून जिंतूरला गेले म्हणतात, कुणी परभणी म्हणतं. नवऱ्याचं आडनाव आईला आठवत नाही. आठवू नये अशीच तिला सवय लावली होती.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर जरा बघा. वय साठीच्या आसपास. उजव्या भुवईत एक जुना व्रण आहे, तिथे केस येत नाहीत. रागावली की माहेरच्या तेलुगूत पुटपुटत असेल. नाव कदाचित बदललं असेल. घरात किंवा दुकानात शिलाई मशीन असेल, नाहीतर असायची कधीतरी. आम्हाला भेटायला तिने यावं असं नाही, पत्ताही सांगू नका तिची इच्छा नसेल तर. नुसतं जाऊन तिच्याजवळ बसा आणि विचारा, तुम्हाला व्यंकटेश नावाचा भाऊ होता का. होता म्हणाली, तर सांगा: कुठल्याही ऑपरेशनआधी, तुमच्या, मुलांच्या, नातवंडांच्या, भूल देणाऱ्या डॉक्टरला हे आधी सांगा.

आणि 'नाही' म्हणाली तर लगेच उठू नका. चहा घ्या, थोडं थांबा, पुन्हा विचारा. आम्ही सगळ्यांनी आधी 'नाही'च म्हटलं होतं.